बोटीवर भीड चालत नाही

मे महिना लागला की मिशिगनमधल्या आमच्या मराठी घरांमध्ये दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. भारतातून आईबाबा येतात आणि माझ्या फोनवर मेसेज येऊ लागतात, "अगं, बोट पाण्यात उतरवलीस का?" दोन्हींचा संबंध उघड आहे. आलेल्या आईबाबांना नायगारा दाखवून झाला, शिकागो झालं, कॉस्टकोच्या चार फेऱ्या झाल्या, आता पुढे काय? मग बोटवाल्या ताईची आठवण होते. माझी तक्रार नाही. चार माणसं यावीत म्हणूनच बोट घेतली. नवऱ्यासाठी घेतलेली नाही हे नक्की. तो मूळचा लातूरचा. तिथे २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे एवढं पाणी एका जागी फुकट पडून आहे हेच त्याला अजून पटत नाही.

आमची बोट १९ फुटांची, सेकंडहँड. पुढे नाकाशी उघडी बसायची जागा आणि मागे झाकणाखाली पेट्रोलचं इंजिन. ती असते सेंट क्लेअर तलावाच्या पश्चिम किनाऱ्यावर. ह्युरॉन आणि ईरी या दोन महासरोवरांच्या मधला हा तलाव, डेट्रॉइटला लागूनच; पलीकडचा किनारा कॅनडा. मी मालवणची. वडिलांची इंजिनाची होडी होती आणि ते स्वतः तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. होडी चालवण्याबद्दल त्यांनी मला फारसं काही शिकवलं नाही. मुलीने होडीवर यावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. पण एक वाक्य ते खलाशांना इतक्या वेळा सुनवायचे की माझं पाठ झालं: "दर्यार भीड धरूची नाय."

त्याचा अर्थ मला इथे कळला, आणि तोही पाहुण्यांमुळे. वादळ आलं तर कुणीही घाबरतं आणि घरी बसतं. आपल्या लोकांच्या बाबतीत बोटीवर खरा घोळ होतो तो भिडेपोटी. इतक्या लांबून आलेत, नाही कसं म्हणू? काकूंना वजन कसं विचारू? माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला "खाली बसा" कसं सांगू? भीड भिकेची बहीण म्हणतात. पाण्यावर ती भिकेवर थांबत नाही.

तर वजनापासूनच सुरुवात. सुकाणूजवळ एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. २० फुटांखालच्या मोटारबोटींवर ती लावणं अमेरिकेत कारखान्याला बंधनकारक आहे. आमच्या पट्टीवर लिहिलंय, ८ माणसं किंवा ११५० पौंड. येणारा प्रत्येकजण त्यातलं फक्त 'आठ' वाचतो. आता हिशेब करा. ११५० ला आठने भागलं की माणशी १४४ पौंड, म्हणजे ६५ किलो. आमच्या मंडळातल्या पन्नाशीच्या काकांना ६५ किलो म्हणजे कॉलेजचे दिवस आठवतील. सरासरी ७५ किलो धरली तर आठ जणांचे १३२० पौंड झाले, आणि अजून बर्फ-सरबतांचा कूलर, पुलावाचं पातेलं आणि 'लागला तर असू दे' म्हणून आणलेली सतरंजी चढायची आहे. म्हणून मी मोठी माणसं सहाच घेते, माझ्यासकट. सातवी जागा रिकामी दिसते, हे मला माहीत आहे. "अगं, ती बसेल की माझ्या मांडीवर," हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकते. बसायला जागा असणं आणि बोटीला ते वजन पेलणं या निराळ्या गोष्टी आहेत. जास्त वजनाने बोट पाण्यात खोल बसते, कडा पाण्याजवळ येतात, आणि मग एरवी नुसती हलवून जाणारी लाट आत येते. वडील म्हणायचे, "जागा आसा म्हणान माणूस घेवचो नाय."

वजन कसं विचारते? ग्रुपवर नाही. खासगी मेसेज पाठवते: "लाइफ जॅकेटच्या मापासाठी वजन हवंय." हे खोटंही नाही. मुलांची जॅकेटं वजनावरच ठरतात, ३० ते ५० पौंडांचं वेगळं, ५० ते ९० चं वेगळं. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून एक माप मोठं घेण्याची आपली सवय शाळेच्या गणवेशापुरती ठीक आहे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि मूल खाली राहतं. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून मी मुलाला किंचित उचलून बघते. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते त्याचं माप नाही.

जॅकेटवरून सर्वांत जास्त वाद होतात, आणि तेही साठीपुढच्या लोकांशी नाही. आज्या नऊवारीवरसुद्धा मुकाट घालतात, वर "फोटो काढ गं" म्हणतात. वाद घालतात चाळिशीचे इंजिनिअर. "कायदा काय म्हणतो?" कायदा म्हणतो, माणशी एक मान्यताप्राप्त जॅकेट बोटीत हवं, मिशिगनमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांनी उघड्या डेकवर ते घातलेलंच हवं. मोठ्यांनी घालायलाच हवं असं नाही. "मग? शिवाय मला पोहता येतं." या वाक्याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत.

पहिलं आकड्यांचं. अमेरिकी कोस्ट गार्डच्या हिशेबाप्रमाणे २०२३ मध्ये देशभरात हौशी बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं त्यांतली ७५ टक्के बुडून, आणि बुडालेल्यांतल्या ८७ टक्के लोकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. दुसरं उत्तर थंडीचं. मे महिन्यात इथे हवा ८० फॅरनहाइटवर जाते, लोक अर्ध्या चड्ड्यांत येतात, पण पाणी अजून पन्नाशीत असतं. म्हणजे दहा-बारा सेल्सिअस. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिली धाप लागते ती आपल्या हातात नसते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहण्याचा प्रश्नच येत नाही. इथले थंड पाण्यातल्या बचावाचे लोक १-१०-१ म्हणून शिकवतात: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध जायला साधारण एक तास. तो तास मिळतो तोंड पाण्यावर राहिलं तर. दहा मिनिटांनी पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात ऐकत नाहीत. पडल्यावर पाण्यात जॅकेट चढवून बघा म्हणावं. मी जुलैत, कमरेएवढ्या पाण्यात, गंमत म्हणून एकाला करायला लावलं होतं. बक्कल लागेपर्यंत सगळे हसून थकले.

आईबाबांच्या पिढीला आकडे सांगावे लागत नाहीत. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. आमच्या मालवणकडच्यांना त्याआधीची मे २०२२ ची तारकर्ली आठवते. स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनारा समोर दिसत असताना उलटली, दोघं गेले. म्हणून माझ्या बोटीचा नियम कायद्याहून कडक आहे. धक्का सोडताना सगळ्यांच्या अंगात जॅकेट, बक्कल लावलेलं, परत दोर बांधेपर्यंत. पटत नसेल त्यांच्यासाठी धक्क्यावर छान बाकं आहेत.

आता या तलावाविषयी, कारण लोक त्याला फार हलक्यात घेतात. भरती नाही, ओहोटी नाही, खारं पाणी नाही, सरासरी खोली जेमतेम ११ फूट. "बुडालो तर उभे राहू," असा विनोद ठरलेला असतो. खरं म्हणजे उथळपणाचाच इथे त्रास आहे. ११०० चौरस किलोमीटरहून मोठं पाणी आणि खाली खोली नाही, त्यामुळे वाऱ्याने उठणारी लाट आखूड आणि उभी होते. मालवणच्या समुद्रात लाट लांब असते. होडी चढते, उतरते, मधे श्वास घ्यायला वेळ मिळतो. इथे एका लाटेतून नाक वर येतंय तोवर दुसरी हजर.

आणि वारा फसवतो. आमचा धक्का पश्चिम किनाऱ्यावर. पश्चिमेचा वारा असला की धक्क्याजवळ पाणी गुळगुळीत, कारण वारा जमिनीवरून येतो आणि लाट उठवायला त्याला अजून पाणी मिळालेलं नसतं. पाहुणे खूश. चार-पाच मैल आत गेलं की त्याच वाऱ्याने तलाव खवळलेला असतो, आणि परत येताना त्या सगळ्या लाटा तोंडावर घ्यायच्या असतात, पुढच्या उघड्या जागेत पाहुणे बसलेले असताना. कोकणात पहाटेच्या मतलईवर, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यावर, होड्या सहज बाहेर जायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याने घरी यायच्या, तिथे वाऱ्याचं येणंजाणं ठरलेलं. इथला पश्चिमेचा वारा संध्याकाळी तुमची सोय बघत नाही. म्हणून धक्क्यावरचं पाणी बघून मी काहीच ठरवत नाही; हवामान खात्याचा तलावासाठीचा अंदाज बघते. १५ नॉटच्या (ताशी साधारण २८ किलोमीटरच्या) वर वारा सांगितला असेल तर सकाळी सातलाच मेसेज जातो: आज नाही. नोव्ही-कँटनहून तासभर गाडी हाकून येणाऱ्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवते की सात वाजता फोन बघा. तरी कुणीतरी म्हणतंच, "ऊन तर मस्त पडलंय." जुलैतल्या दुपारी पश्चिमेला ढग उभे राहायला लागले तर पुलाव अर्धा खाल्लेला असला तरी मी वळते. झाकण लावा, वळताना सांडेल.

निघण्याआधीचा एक कंटाळवाणा भाग आहे, तो सगळ्यांना खुपतो. पेट्रोल भरताना सगळ्यांनी बोटीबाहेर उभं राहायचं. मग इंजिनाचं झाकण उघडून मी वास घेते, आणि ब्लोअर, म्हणजे तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालू करून चार मिनिटं थांबते. गाडीतून सांडलेल्या पेट्रोलची वाफ जमिनीवरून उडून जाते. बोटीत ती जायला जागा नसते. हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी साचून राहते, आणि किल्ली फिरवल्यावर एक ठिणगी पुरते. पहिल्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, "बॅटरी गेली का?" दुसऱ्या मिनिटाला एखादे काका मदतीला उठतात. काका, बसा.

रस्त्याचे नियम मी पाहुण्यांना शिकवत नाही, पण ज्यांना स्वतः बोट घ्यायची आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. आडवा मार्ग असेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. भारतात बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवतात, इथे उजव्या; अमेरिका आणि भारत बोयांच्या दोन वेगळ्या पद्धतींत मोडतात, त्यामुळे घरून शिकून आलेल्याने तेवढं तरी विसरावं. बाकी कोर्स करा. मिशिगनमध्ये १ जुलै १९९६ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मोटारबोट चालवायला प्रमाणपत्र लागतं. माझा जन्म त्याच्या बराच आधीचा, मला लागत नव्हतं. तरी मी केला, वर्गात चौदा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून. तांडेलाची मुलगी म्हणून सूट मागावी असं काही माझ्याकडे नव्हतं.

मोठ्या जहाजांबद्दल मात्र सगळ्यांनाच सांगते. तलावाच्या मधून खणून खोल केलेली वाट जाते, त्यातून लोखंडाचं खनिज वगैरे नेणारी जहाजं जातात. काही तर १००० फूट लांब. ती संथ दिसतात, संथ नसतात. त्या वाटेबाहेर त्यांना वळता येत नाही, पटकन थांबताही येत नाही, आणि नाकाच्या अगदी पुढचं छोटं काही वरून दिसतही नाही. आम्ही त्यांच्या मागूनच ओलांडतो, काटकोनात, रेंगाळत नाही. भोंग्याचे पाच छोटे आवाज आले तर ते आपल्या स्वागतासाठी नसतात, धोक्याचा इशारा असतो. आणि जहाज दिसलं की सगळे एकदम एका कडेला धावतात, मोबाइल काढून. सहा माणसं एका कडेला म्हणजे बोट तिकडे कलली, आणि जहाजाची लाट अजून यायचीच आहे. म्हणून जहाज मीच आधी दाखवते: बसल्या जागेवरून, बोट वळवून, सगळ्यांना दिसेल असं. नाकाशी कठड्यावर पाय बाहेर सोडून बसायला माझ्याकडे मनाई आहे, रील कितीही चांगली येणार असली तरी. तिथून पडलेला माणूस थेट बोटीखाली जातो, आणि मागे पंखा फिरत असतो.

बिअर. हा खरा भिडेचा प्रांत. "तू नको घेऊस, आम्ही घेतो," इतपत समजूतदार सगळे असतात. चालवणाऱ्याला इथे गाडीसारखीच रक्तातल्या दारूची ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. प्रवाशांना कायद्याने बंदी नाही. माझ्या बोटीवर आहे. दिवसभराचं ऊन, वारा आणि हेलकावे यांनी न पिताही माणूस सुस्तावतो, त्यात दोन बिअर झाल्या की शिडीवरून पाय सुटतो. प्राणघातक अपघातांच्या माहीत असलेल्या कारणांत कोस्ट गार्डच्या यादीत दारू वर्षानुवर्षं पहिल्या नंबरवर आहे. परत आल्यावर धक्क्यावर शेगडी आहे, तिथे काय ते करा, मीही बसते.

पोहायचं असेल तेव्हा नांगर नाकाशी टाकायचा, मागून कधीच नाही. मागची बाजू बुटकी असते, लाट सरळ आत येते. दोर कंजुषीने सोडायचा नाही. पाणी पाच फूट आणि नाकाची उंची तीन, म्हणजे आठ. त्याच्या सातपट, छप्पन्न फूट दोर. तेवढी आडवी ओढ बसली तरच नांगर तळ धरतो. मग इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, शिडी खाली, आणि त्यानंतर पहिला माणूस पाण्यात. "गाणी लावायला इंजिन चालू ठेव ना" असा हट्ट मुलं करतात. मागच्या पायरीवर बसलेल्यांच्या तोंडाशीच धूर निघतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. पोरगं पेंगुळलंय असं वाटतं आणि ते पाण्यात घसरतं. गाणी बॅटरीवर वाजतात. नाही वाजली तर अंताक्षरी आहे.

राहता राहिला एक प्रश्न, जो पाहुण्यांपैकी कुणीच विचारत नाही. मीच पडले तर? म्हणून माझ्या जॅकेटला एक लाल गुंडाळीची दोरी अडकवलेली असते, दुसरं टोक इंजिनाच्या स्विचला. मी जागेवरून उडाले की दोरी निसटते आणि इंजिन बंद. १ एप्रिल २०२१ पासून, असा स्विच असलेल्या २६ फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींवर वेगात असताना हे वापरणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर चालकाशिवाय सुटलेली बोट बहुतेकदा सरळ निघून जात नाही, गोल गोल फिरून पडलेल्याच्याच अंगावर येते.

दोरी इंजिन बंद करते, पण मला बाहेर काढायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे माझा लातूरकर. त्याला बोट चालवायला शिकायचं नाही, मीही आग्रह सोडला. पण चार कामं त्याला यायलाच हवीत असं मी लग्नाच्या वाढदिवसाला मागून घेतलं: पडलेल्याकडे सतत हाताचं बोट दाखवत राहणं, फेकायची तरंगती गादी नेमकी टाकणं, नांगर सोडणं आणि रेडिओवर बोलणं. फोनवर विसंबून चालत नाही. फोन एकालाच लागतो, रेडिओच्या चॅनल १६ वर कोस्ट गार्डबरोबर आजूबाजूच्या बोटीही ऐकतात, आणि सर्वांत आधी बहुतेक त्याच पोचतात. रेडिओशेजारी मी त्याच्या अक्षरात, देवनागरीत लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवला आहे. 'मेडे', म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, तीनदा. बोटीचं नाव. कुठे आहोत, ते जीपीएसच्या पडद्यावरचे आकडे वाचून. काय झालंय. किती माणसं. जॅकेटं घातलीत की नाही. खरा मेडे सरावासाठी द्यायचा नसतो, म्हणून आम्ही रेडिओ बंद ठेवून तालीम करतो. सुरुवातीला तो 'किती माणसं' यात स्वतःला मोजायचा नाही. आता मोजतो, आणि नवीन पाहुणे आले की बटण बोलताना दाबायचं आणि ऐकताना सोडायचं, हे मी तोंड उघडायच्या आत तोच सांगून टाकतो.